ओढणारी चाके किती हवीत?

'चारचाकी' हा शब्द मराठीत मोटारीसाठी इतका रुळला आहे की, "ही गाडी दोन चाकांवर चालते" असे वर्गात म्हटले तर हशा पिकेल. चाके चारच असतात. प्रश्न असतो तो इंजिनाचा जोर त्यांपैकी किती चाकांपर्यंत पोचतो हा. पिकअप म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली हलकी मालगाडी. बहुतेक पिकअप गाड्यांत हा जोर मागच्या दोनच चाकांना मिळतो. पुढची दोन चाके नुसती गडगडत जातात आणि दिशा देतात. जास्त पैसे मोजले तर तीच गाडी चारही चाके ओढणारी मिळते. जाहिरातीत तिला ४×४ म्हणतात. पहिला चार म्हणजे एकूण चाके, दुसरा चार म्हणजे ओढणारी चाके.

दोन की चार, हा प्रश्न अमेरिकेतला शेतकरी, सुतार, गवंडी पिकअप घेताना गेली पाऊणशे वर्षे विचारत आला आहे. आपल्याकडेही पिकअप किंवा ट्रॅक्टर घेताना "फोर बाय फोर घेऊ का साधीच?" हा प्रश्न पारावर रंगतो, आणि उत्तर बहुधा सांगणाऱ्याच्या रुबाबावर ठरते. कर्जाचे हप्ते मात्र घेणाऱ्याला फेडायचे असतात. म्हणून ही चार ओढणारी चाके आली कुठून, आणि ती कोणत्या अडचणीवरचा उपाय होती, हे पाहू या. सोबत थोडे गणित करू. ते आठवी-नववीच्या पलीकडचे नाही.

कल्पना जुनीच

चारही चाकांना जोर द्यावा ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. इंग्लंडच्या ब्रामा जोसेफ डिपलॉक या अभियंत्याने १८९३ साली चारही चाके ओढणाऱ्या वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनाचे पेटंट घेतले. १९०० साली तरुण फर्डिनांड पोर्शने लोनर कंपनीसाठी विजेची गाडी बनवली. तिच्या चाकांच्या तुंब्यांतच मोटारी बसवल्या होत्या, आणि तिच्या एका रूपात चारही चाकांना अशी स्वतंत्र मोटार होती. शाफ्ट नाही, साखळी नाही. अडचण एकच होती : शिशाच्या बॅटऱ्यांचे प्रचंड वजन. १९०३ साली हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी पेट्रोल इंजिनाची, चारही चाके ओढणारी शर्यतीची मोटार तयार केली. तिला सहा सिलिंडर होते आणि ब्रेकही चारही चाकांवर होते. त्या काळी हे दोन्ही नवलाचेच. ती मोटार आजही हेगच्या लाउमान संग्रहालयात पाहायला मिळते.

मग ही रचना लगेच सगळीकडे का पसरली नाही? कारण पुढच्या चाकाकडून दोन कामे एकदम करून घ्यायची होती. त्याने फिरायचे आणि वळायचेही. मागच्या चाकाला वळायचे नसते, तेव्हा त्याच्या आसाला सरळ दांडा पुरतो. पुढच्या चाकाला जोर पोचवणारा दांडा मात्र वाकत्या सांध्यातून न्यावा लागतो.

असा सांधा माहीत नव्हता असे नाही. दोन दुबेळकी आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हासारखा तुकडा ही रचना सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने वापरली होती. आपल्या गॅरेजमध्ये त्या तुकड्याला 'जॉइंट क्रॉस' म्हणतात. तिची खोड अशी की दांडे एका रेषेत नसतील तर एक दांडा एकसारख्या वेगाने फिरत असूनही दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश फिरतो. ३० अंशांचा कोन असेल तर हा वेग मूळ वेगाच्या ०·८७ पटीपासून १·१५ पटीपर्यंत डुलतो. वळणावर चाक असे हिसके देऊ लागले तर स्टिअरिंग धरणाऱ्याचे हात दुखतील आणि सांधा लवकर झिजेल. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रेगॉर व फनाय यांनी 'ट्राक्टा' सांधा आणि अमेरिकेत आल्फ्रेड झेपा याने गोळ्यांचा सांधा काढला, तेव्हा कोठे एकसारखा वेग पोचवणे जमले. इंजिन, गेअर, टायर यांच्या कथा सगळे सांगतात. या मुठीएवढ्या सांध्याची कोणी सांगत नाही. आमच्या मते चार चाकांच्या इतिहासातला खरा नायक तोच आहे.

त्याआधीही हिकमती लोकांनी मार्ग काढलाच. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल नावाचे छोटे गाव आहे. तिथे ओटो झॅकाउ आणि त्याचा नातलग विल्यम बेसरडिक यांचे यंत्रदुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी दुहेरी सांधा एका उखळीसारख्या गोल कोशात बसवला आणि त्यातून पुढच्या चाकांना जोर पोचवला. १९०८ साली त्यांना पेटंट मिळाले आणि पुढे त्यातून 'फोर व्हील ड्राइव्ह' याच नावाची कंपनी निघाली. पण मोटारीला गिऱ्हाईक फारसे मिळेना. पक्क्या रस्त्यावर तिचा उपयोग दिसत नव्हता आणि कच्च्या रस्त्यावरच्या शेतकऱ्याला किंमत परवडत नव्हती. कंपनी ट्रककडे वळली.

किंमत न विचारणारे गिऱ्हाईक

गिऱ्हाईक मिळाले ते सैन्य. चिखल, बर्फ आणि तोफांनी उखडलेली जमीन यांतून दारूगोळा पोचवायचा असेल तेव्हा किंमत दुय्यम ठरते. क्लिंटनव्हिलचे तीन टनी ट्रक आणि केनोशा गावच्या जेफरी कंपनीचे 'क्वाड' हे ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंनी वापरले गेले. क्वाड गाडीची चारही चाके ओढत आणि चारही वळतही.

युद्ध संपल्यावर उरलेले ट्रक रस्ते बांधणाऱ्यांकडे, लाकूडतोड करणाऱ्यांकडे, बर्फ हटवणाऱ्या नगरपालिकांकडे गेले. सामान्य गिऱ्हाईक पुन्हा दूरच राहिले. १९३१ मध्ये इंडियानापोलिस येथे मार्मन-हेरिंग्टन कंपनी निघाली. फोर्डचे साधे ट्रक घेऊन त्यांना पुढचा ओढता आस बसवून देणे हा तिचा पुढे मोठा व्यवसाय झाला. काम उत्तम असे, पण महाग.

मग १९४० उजाडले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकी सैन्याने १३५ उत्पादकांना एका हलक्या, चारही चाके ओढणाऱ्या गाडीसाठी विचारणा केली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता! वेळेत तो उभा केला पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम या लहानशा, डबघाईला आलेल्या कंपनीने. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याचा त्यात मोठा वाटा होता. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या तळावर पोचली. मोठी कंत्राटे मात्र विलिस आणि फोर्ड यांना मिळाली. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बनवल्या. झेपा आणि ट्राक्टा या सांध्यांचे खरे चीज इथे झाले. पूर्वी कारागिरीची वस्तू असलेला हा सांधा आता लाखांनी बनू लागला आणि त्यामुळे स्वस्त झाला.

शेतावर आलेली जीप

१९४५ साली विलिस कंपनीने जीपची मुलकी आवृत्ती काढली आणि ती शेतकऱ्यांसमोर ठेवली. नांगर ओढील, मळणीयंत्र फिरवील, रविवारी चर्चला नेईल असा तिचा प्रचार होता. १९४६ मध्ये डॉज कंपनीने आपल्या युद्धकालीन ट्रकवरून 'पॉवर वॅगन' ही पिकअप काढली. कारखान्यातूनच चारही चाके ओढणारी म्हणून मोठ्या संख्येने निघालेली ही पहिली मुलकी पिकअप मानली जाते. पाठोपाठ १९४७ मध्ये विलिसचीही पिकअप आली. मिनिआपोलिसची नॅप्को ही कंपनी शेव्हरोले आणि जीएमसीच्या साध्या पिकअपना बसवता येईल असा सरंजाम विकू लागली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोच सरंजाम त्या गाड्यांच्या अधिकृत यादीत आला. १९५९ साली फोर्डने आणि १९६० साली शेव्हरोलेने स्वतःच्याच कारखान्यात बनवलेल्या ४×४ पिकअप बाजारात आणल्या. म्हणजे एकाच दुकानात, एकाच पिकअपची दोन रूपे शेजारी-शेजारी उभी राहिली, आणि आपला सुरुवातीचा प्रश्न जन्माला आला.

याच काळातली एक गंमत. सैन्याच्या जुन्या जीपगाड्या घेतलेल्या लोकांच्या लक्षात आले की गाडी डांबरी रस्त्यावरून जाताना पुढचे शाफ्ट आणि गेअर चाकांबरोबर उगीचच फिरतात. आवाज होतो, पेट्रोल जळते, झीज होते. १९४८ साली आर्थर वॉर्न नावाच्या गृहस्थाने पुढच्या चाकांच्या तुंब्यांवर बसवायची एक कळ विकायला काढली. ती फिरवली की चाके शाफ्टपासून सुटी होत. तिचा खप चांगला झाला. चार चाकांसाठी जास्त पैसे मोजलेले लोक त्यांतली दोन सुटी करण्यासाठी पुन्हा पैसे मोजत होते! त्यांना मूर्ख म्हणायचे कारण नाही. वर्षातले बहुतेक दिवस आपल्याला दोनच चाके लागतात हे त्यांना अनुभवाने कळले होते.

थोडे गणित

चाक जमिनीला मागे ढकलू शकते ते घर्षणामुळे. जास्तीत जास्त जोर = घर्षणगुणांक × त्या चाकावरचे वजन. इंजिन कितीही दांडगे असो, याहून जास्त जोर जमिनीवर उतरत नाही. चाक जागीच फिरू लागते.

समजा, एका रिकाम्या पिकअपचे वजन १६०० किलो आहे. इंजिन पुढे असल्याने पुढच्या चाकांवर ९५० आणि मागच्यांवर ६५० किलो येतात. ओल्या मातीत घर्षणगुणांक ०·२ धरू. फक्त मागची चाके ओढत असतील तर मिळणारा जोर ०·२ × ६५० = १३० किलोभार. चारही ओढत असतील तर ०·२ × १६०० = ३२० किलोभार. आता चिखलाचा अडथळा गाडीच्या वजनाच्या एक दशांश आहे असे माना. (सपाट रस्त्याऐवजी दहास एक असा चढ घेतला तरी हिशेब जवळपास हाच.) गाडी हलायला १६० किलोभार लागतील. दोन चाकांची गाडी रुतली, चार चाकांची आरामात निघाली.

आता हौद्यात ८०० किलो माल भरा. त्यातले ७५० किलो मागच्या चाकांवर आणि ५० पुढच्यांवर आले असे समजू. मागे १४०० झाले, एकूण २४००. मागच्या चाकांचा जोर २८० किलोभार आणि अडथळा २४०. रिकामी असताना अडलेली गाडी भरल्यावर निघाली! मुलांना हे उत्तर आधी सांगू नये. आधी त्यांचे अंदाज फळ्यावर लिहून घ्यावेत, मग गणित करावे. खऱ्या चिखलात भरलेली गाडी जास्त रुतते आणि अडथळाही वाढतो, म्हणून हे उत्तर दरवेळी खरे ठरणार नाही. पण बर्फाळ प्रदेशातले अमेरिकी लोक हिवाळ्यात रिकाम्या पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर, वाळूची पोती टाकून ठेवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. चार चाकांवरचा हा सर्वांत स्वस्त पर्याय आहे.

आणखी एक मेख आहे. वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळे अंतर जाते, म्हणून आसात डिफरन्शिअल नावाची गेअरपेटी असते. फ्रान्सच्या पेकरने १८२८ च्या सुमारास ती वाहनासाठी योजली. ती दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. म्हणून एक चाक निसरड्यावर असेल तर त्याला जेवढा थोडा पीळ सोसतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. एक चाक भिरभिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे गप्प बसते. म्हणजे साधी चार चाकांची गाडीही, प्रत्येक आसाचे एकेक चाक निसरड्यावर पडले की, अडून बसू शकते. उलट, मागचे डिफरन्शिअल कळ दाबून जखडता येणारी दोन चाकांची गाडी बऱ्याच ठिकाणी तिच्या बरोबरीने जाते. या सोयीला दुसऱ्या आसापेक्षा खूपच कमी पैसे पडतात. गाडी विकणारा हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा धरू नये.

सायकलचा प्रयोग

बहुतेक ४×४ पिकअपमध्ये चार चाके कायम जोडलेली नसतात, दांडी किंवा बटन वापरून जोडावी लागतात. 'कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडू नका' असे पुस्तिकेत लिहिलेले असते. का, ते शाळेच्या पटांगणात दाखवता येते. सायकलची दोन्ही चाके पाण्यात भिजवून कोरड्या फरशीवर सावकाश गोल वळण घ्या. दोन ओल्या रेघा उमटतील. पुढच्या चाकाची बाहेरून आणि मागच्याची आतून. दोन्ही सुतळीने मोजा. पुढच्या चाकाची वाट लांब भरेल.

पिकअपचे पुढचे-मागचे आस तीन मीटर अंतरावर आहेत आणि मागच्या आसाचा मध्य सहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालला आहे असे धरू. पायथागोरसच्या प्रमेयाने पुढच्या आसाची त्रिज्या √४५, म्हणजे ६·७ मीटर. काटकोनात वळताना पुढची चाके सुमारे १·१ मीटर जास्त जातात, म्हणजे जवळजवळ अर्धा फेरा. पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना पक्के जखडलेले असतील तर हा अर्धा फेरा कुठे जाणार? चिखलात चाके घसरून तो पचवतात. कोरड्या डांबरावर टायर खरवडतात, शाफ्टमध्ये पीळ साठतो, गाडी अडखळते.

यावर उपाय म्हणजे पुढच्या-मागच्या आसांच्या मध्येही एक डिफरन्शिअल घालणे. १९६६ च्या जेन्सन एफएफ या इंग्लिश मोटारीत आणि १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये ते होते. जेन्सनची रचना ट्रॅक्टरमुळे आपल्याला माहीत असलेल्या हॅरी फर्ग्युसनच्या कंपनीची. १९८० च्या आउडी क्वाट्रोनंतर चार चाके ही साध्या मोटारींतही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. पिकअपमध्ये मात्र जोड-तोड करायची जुनी रचनाच बहुतांशी टिकली. ती साधी आहे, दणकट आहे आणि तिच्यात गती सुमारे निम्मी करून जोर दुप्पट करणारा 'लो' गेअरही असतो. खडकाळ चढावर आणि त्याहूनही जास्त तीव्र उतारावर इंजिनाने चारही चाके आवरून धरणारा हा गेअर मोलाचा आहे. ज्यांना चार चाकांची खरोखर गरज असते त्यांतल्या अनेकांना खरे तर हाच हवा असतो.

आपल्याकडची जीप

या इतिहासाचा एक धागा मुंबईला येतो. युद्धकाळात भारताच्या खरेदी-मंडळाचे प्रमुख म्हणून के. सी. महिंद्र वॉशिंग्टनला होते. १९४५ साली त्यांनी बंधू जे. सी. महिंद्र आणि गुलाम मोहम्मद यांच्यासह कंपनी काढली आणि त्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू झाली. वनखाते, पाटबंधारे, तहसीलदार, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे जीप दिसू लागली. पुढे तिची लांबट भावंडे खेड्यापाड्यांत वडापची गाडी झाली. त्यांतल्या कितीतरी गाड्या फक्त मागची चाके ओढणाऱ्या होत्या. नाव जीपचे, रूप जीपचे, पुढचा ओढता आस मात्र नाही. अमेरिकेतही विलिसने १९५० च्या दशकात टपाल वाटण्यासारख्या कामांसाठी दोनच चाके ओढणारी जीप काढली होती. वडापवाल्याचा हिशेब चोख होता. शंभर-सव्वाशे किलोचे जादा लोखंड नेण्याऐवजी तेवढ्या वजनाची दोन माणसे नेली तर भाडे मिळते. अमेरिकेतल्या अधिकृत चाचण्यांतही एकाच पिकअपच्या दोन रूपांत सहसा गॅलनमागे एखादा-दोन मैलांचा फरक पडतो, आणि तो दोन चाकांच्या बाजूने असतो.

ब्रेकचे काय?

पैशांपेक्षा मोठी गोष्ट अजून राहिली आहे. "फोर बाय फोर आहे, घाटात काळजी नाही" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. चार ओढणारी चाके गाडीला वेग घ्यायला मदत करतात. थांबवायचे काम ब्रेकचे असते आणि ब्रेक सर्वच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६·७ मीटर. थांबायला लागणारे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणगुणांक × ९·८). कोरड्या रस्त्यावर गुणांक ०·७ धरला तर सुमारे २० मीटर. चिखलाने माखलेल्या रस्त्यावर ०·२ धरला तर ७१ मीटर. या सूत्रात ओढणाऱ्या चाकांची संख्या कुठेही येत नाही. वळणावर गाडी बाहेर फेकली जाणार की नाही, हेही मुख्यतः त्याच घर्षणावर ठरते.

दोन चाकांची गाडी सुटतानाच मागे घसरते आणि चालकाला रस्त्याची खबर देते. चार चाकांची गाडी ती खबर झाकून ठेवते. रस्ता किती निसरडा आहे हे तिच्या चालकाला पहिल्यांदा कळते ते ब्रेक दाबल्यावर. म्हणून गाडी कुठलीही असो, तेवढे पैसे आधी चांगल्या टायरांत घालावेत असे आम्हांला वाटते. टायर सुटताना, थांबताना आणि वळताना, तिन्ही वेळा कामी येतात.

मग चार चाके कोणी घ्यावीत? ज्याला महिन्यातून अनेकदा रिकाम्या गाडीने ओल्या चढावर जायचे आहे, नदीपात्रातून वाट काढायची आहे, जिथे अडकले तर ओढून काढायला ट्रॅक्टर येणार नाही, त्याने. पावसाळ्यात दोनदा शेताच्या बांधाशी रुतणाऱ्याने शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि एक बळकट दोरखंड यांचा हिशेब आधी करावा.

अलीकडे हा प्रश्न नव्या रूपात आला आहे. २०२१ साली अमेरिकेत रिव्हियन कंपनीची विजेवरची पिकअप आली. तिच्या पहिल्या रूपात चार चाकांना चार स्वतंत्र मोटारी होत्या. मधला लांब शाफ्ट गेला, ट्रान्सफर केस गेली, डिफरन्शिअलही गेले. कोणत्या चाकाला किती पीळ द्यायचा हे संगणक ठरवतो. पोर्शने १९०० साली केले तेच, फक्त शिशाच्या जागी लिथियम आले. एक फरक मात्र आहे. पोर्शच्या मोटारी चाकांच्या तुंब्यांत होत्या, या चार मोटारी गाडीच्या अंगात बसवलेल्या आहेत. त्यामुळे मोटारीपासून चाकापर्यंत आखूड दांडा आहेच, आणि चाक वळते तिथे एकसारखा वेग पोचवणारा गोळ्यांचा सांधाही.